हिंगणघाटला संपलेली रेघ

नागपूरहून हिंगणघाट साधारण ७५ किलोमीटर. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी बाइक काढली, हँडलवरच्या होल्डरमध्ये मोबाइल अडकवला आणि ॲपमध्ये 'स्टार्ट' दाबलं. बुटीबोरी, जाम मागे पडत गेले, तशी स्क्रीनवरची निळी रेघ लांबत गेली. मला एका कबरीपाशी जायचं होतं.

कबर विल्यम लॅम्बटनची. १८०२ च्या एप्रिलमध्ये या माणसानं मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पोलादी साखळी टाकून जमिनीवर सुमारे १२ किलोमीटरची सरळ रेघ मोजायला घेतली. तेवढ्याला ५७ दिवस लागले. मग त्या रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एखाद्या टेकडीकडे बघून कोन मोजायचे, की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणितानं मिळतात. त्यातल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला.

कोन मोजायचा त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. लॅम्बटननं सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केलं. पुढे हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. काम त्याच्या मदतनिसानं पुढे नेलं. त्या मदतनिसाचं नाव आपल्याला पाठ आहे, कारण ते एका शिखराला मिळालं: जॉर्ज एव्हरेस्ट.

माझा फोन कोन मोजत नाही, अंतर मोजतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, आणि चार उपग्रह सापडले की आपली जागा कळते. जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचं. मे २००० पर्यंत सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, १०० मीटरपर्यंतची. तेव्हा माझी रेघ हायवे सोडून कपाशीच्या शेतातून गेली असती.

लॅम्बटनला पृथ्वीचा आकार शोधायचा होता. पगार देणाऱ्या कंपनीला मुलूख हवा होता. रेघ काढणारा एक आणि वापरणारा दुसरा, हे तेव्हापासूनचं आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशावर व्यायामाला धावणाऱ्या सैनिकांच्या रेघा उजळल्या आणि त्यावरून लष्करी तळ ओळखू आले. कोणी हेरगिरी केली नव्हती. सैनिकांनी आपणहून 'स्टार्ट' दाबलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन ट्रिप ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत एका मित्राचा मेसेज आला, "पाण्याच्या टाकीमागचं घर ना तुझं?" तो माझ्या घरी कधीच आलेला नाही. रेघेचा पहिला बिंदू थेट आमच्या फाटकावर होता. कबरीपाशी मात्र मी अर्धा तास बसलो होतो, त्याची नोंदच नव्हती. गाडी थांबली की ॲपही थांबतं.

ट्रिप ग्रुपवरून काढली. घराभोवतीचा भाग लपवायचं सेटिंग चालू केलं. मग नकाशा मोठा करून हिंगणघाटपाशी हातानं एक खूण टाकली आणि लिहिलं: 'लॅम्बटन, १८२३.'