आमच्या पूर्वजांचे तलाव

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. ही कीर्ती निसर्गाने आयती दिलेली नसून, तीत आम्हां कोहळ्यांच्या पूर्वजांच्या घामाचा वाटा मोठा आहे, हे समाजातील तरुणांस सांगणे आमचे कर्तव्य होय. गोंड राजांच्या काळी, तलाव बांधील त्यास जमीन, असा उदार प्रघात होता. आमचे पूर्वज जमिनीचा उतार ओळखण्यात निष्णात. मातीची पाळ, पाणी सोडण्यास तुडुम व जादा पाणी जाण्यास सांडवा, एवढ्यावर त्यांनी धानाची शेते भिजविली. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, अशी परंपरा आहे. १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन तो गोंदिया जिल्ह्यात गेला. पण वारसा तोडता येत नाही.

मध्यप्रांतातील १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली याचे दुःख मानू नये; परंतु तिच्याबरोबर पाळीची निगा राखण्याची सामायिक रीतही क्षीण झाली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली.

आम्हीही शाळेत मुलांस, तलाव म्हणजे धानाचे पाणी, एवढेच शिकविले. ती आमची चूक होती. तलावाच्या उथळ काठावर वनस्पती वाढतात, त्यांत मासे अंडी घालतात, पक्षी चरतात. मुरलेले पाणी विहिरींस मिळते. १९७१ साली इराणातील रामसर येथे राष्ट्रांनी पाणथळ भूमींच्या रक्षणाचा करार केला. त्यामागील तत्त्व आमच्या पाळीवर उभे राहिले तरी कळते.

ढिवर बंधुभगिनींस ते अनुभवाने ठाऊक होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांच्या स्त्रियांनी बेशरम उपटून देशी जलवनस्पती लावल्या, आणि गावठी मासे पुन्हा वाढू लागले. तलाव बांधणाऱ्यांच्या वंशजांनी हा धडा मासे धरणाऱ्यांकडून घ्यावा, यात कमीपणा कसला?

म्हणून आमची विनंती एकच. पूर्वजांचा जयजयकार अवश्य करावा. पण आपले शेत वाढविण्यासाठी तलावाचा काठ दाबू नये. दाबला असल्यास सोडावा. पूर्वजांचे खरे श्राद्ध तेच होय.