स्तंभनदोष आणि हृदय
लिंगाला पुरेशी ताठरता न येणे, म्हणजेच स्तंभनदोष, हा विकार दीर्घकाळ मनाच्या खाती टाकला गेला. तथापि फ्रेंच शल्यविशारद रने लरीश यांनी १९४० मध्ये महाधमनीचे खालचे टोक तुंबलेल्या रुग्णांचे वर्णन करताना हे लक्षणही नोंदवले होते. पुढे इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर या औषधकंपनीने घडवलेले सिल्डेनाफिल हे औषध हृदयशूलावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने उठणाऱ्या कळेवर, फारसे उपयोगी ठरले नाही, परंतु चाचणीतील पुरुषांत ताठरतेचा अनपेक्षित परिणाम दिसला, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती याच कामासाठी. हा निव्वळ योगायोग मानणे अर्धसत्य होय, कारण हृदय आणि लिंग या दोन्हीकडे रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायूच कार्यरत असतो. शिवाय लिंगातील धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने तेथील अडथळा बहुधा आधी जाणवतो.