ओंडक्याचा केक, रुखवताचे हात

चॉकलेटचा थर अजून मऊ असतानाच त्यावरून जेवणातला साधा काटा ओढायचा. रेघ अगदी सरळ येऊ द्यायची नाही, हात किंचित हलला तर उत्तमच. मधेच काटा गोल फिरवला की झाडाची गाठ होते. रोलचं एक टोक तिरकं कापून कुशीला टेकवलं की फांदी फुटते. शेवटी चहाच्या गाळणीतून पिठीसाखर भुरभुरायची, की नाताळचा ओंडका तयार. टेंभुर्णीत बर्फ दिसतो तो उसाच्या रसवंतीत, नाहीतर उजनी धरणातल्या मासळीच्या पेटीत. अशा गावातल्या ओट्यावर हिमात पडलेलं लाकूड घडवायचं, ही गोष्ट तशी गमतीचीच. पण या केकची सगळी कहाणीच एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवण्याची आहे.

आधी खरा ओंडका होता. युरोपात नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक मोठं लाकूड समारंभाने घरात आणून चुलाण्यात ठेवत. फ्रान्समध्ये काही भागांत त्यावर वाइन शिंपडत, मीठ टाकत. ते जितका वेळ जळेल तितकं चांगलं, आणि त्याची राख किंवा कोळसा जपून ठेवायचा, घरावर वीज पडत नाही म्हणून. आपल्याकडे हे वाचून नवल वाटायला नको. कोकणात शिमग्याला झाड तोडून वाजतगाजत आणतात, देशावर होळीच्या मधोमध एरंडाची फांदी रोवतात आणि दुसऱ्या दिवशी तीच राख अंगाला फासतात. लाकूड पेटवून वर्षाचं काहीतरी जाळून टाकायचं, ही ओढ दोन्हीकडे सारखीच.

पुढे युरोपातल्या शहरांत मोठी चुलाणी गेली, लोखंडी शेगड्या आल्या. त्यांच्या तोंडात ओंडका मावेना. मग तो आला जेवणाच्या टेबलावर, आधी शोभेचा आणि नंतर खायचा. फ्रेंचमध्ये त्याला ‘बूश द नोएल’ म्हणतात. बूश म्हणजे ओंडका, नोएल म्हणजे नाताळ. तो पहिल्यांदा कोणी केला यावर तिथल्या हलवायांत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आकाराला आला आणि पियेर लाकाम या मिठाईकाराने १८९८ साली त्याची कृती छापली, एवढं नक्की. पातळ स्पंजची गुंडाळी, वर लोण्या-साखरेचं क्रीम, कडेला अंड्याच्या पांढऱ्या बलकाची कुरकुरीत अळिंबी: ही त्याची ओळखीची ठेवण.

टेंभुर्णीचा या सगळ्याशी संबंध रस्त्यांमुळे येतो. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिवराव माणकेश्वर यांच्या नावाशी जोडलेलं हे माढा तालुक्यातलं गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. नगरहून करमाळामार्गे येणारा रस्ता इथेच मिळतो, पंढरपूरला जाणारा इथूनच फुटतो. एकीकडे नगर (आताचं अहिल्यानगर) आणि सोलापूर, दुसरीकडे पुणे: या दिशांना नाताळच्या खाण्याचे दोन वेगळे इतिहास आहेत.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू झालं, पुढे ते सोलापुरातही पोचलं. या पट्ट्यात जो मराठी ख्रिस्ती समाज घडला त्याने आपली भाषा, भजन-कीर्तन आणि फराळ सोडला नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते अस्सल मराठी वळणाचं. ताटाचंही तसंच झालं. नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, लाडू, चकल्या, शंकरपाळे होतात आणि केक त्यांच्या शेजारी बसतो. तो परका पाहुणा उरलेला नाही, पण यजमानही नाही. ‘नाताळ’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मराठीत इतके मुरले की त्यांचा उगम कुणी विचारत नाही. केकचं तेवढं मुरणं अजून चालू आहे.

पुण्याची गोष्ट निराळी. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर तिथे इंग्रजांची छावणी बसली आणि छावणीपाठोपाठ पाव-बिस्किटांच्या भट्ट्या आल्या. पुढे इराणी आणि पारशी बेकरीवाल्यांनी कॅम्पाला खाण्याचं ठिकाण केलं. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. तिचा मावा केक आणि श्रूजबेरी बिस्किटं दोरीने बांधलेल्या खोक्यातून एसटीच्या रॅकवर चढून सोलापूरपर्यंत जाऊ लागली. महामार्गावरच्या गावांत केक बराच काळ असा होता: पुण्याहून कुणी आणला तर खायचा, घरी करायचा नाही.

घरी करायचा नाही, याचं कारण साधं होतं. भट्टी नव्हती. दिवाळीतली नानकटाईसुद्धा डबे भरून जवळच्या बेकरीत नेत आणि ट्रेच्या हिशेबाने भाजून आणत. मग घरोघरी जुगाड निघाले. पातेल्यात वाळू तापवून तीवर डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे. नंतर ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. काचेतून केक फुगताना बघायला पोरं त्याच्यापुढे मांडी घालून बसत. शिट्टी आणि रिंग काढलेला कुकर तर अजूनही चालतो. अंडं न चालणाऱ्या घरांना कन्डेन्स्ड मिल्कच्या डब्याने तारलं.

या सगळ्या साधनांतून निघणारा केक मात्र गोल आणि जाड. ओंडक्याला लागतो पातळ, चौकोनी, जेमतेम अर्ध्या इंचाचा स्पंज. तो ट्रेमधून निघाल्याबरोबर पिठीसाखर भुरभुरलेल्या फडक्यावर उलटा टाकून, गरम असतानाच फडक्यासकट गुंडाळावा लागतो. गार झाल्यावर उलगडायचा, आत क्रीम पसरायचं, पुन्हा गुंडाळायचा. गुंडाळायला उशीर झाला की स्पंज तडकतो. कुकरच्या तळाशी हे कसं जमणार? रोल केक आपल्या घरांत उशिरा आला तो चवीमुळे नव्हे, भांड्यांमुळे.

तो आला तेव्हाही वेश बदलून आला. मारी बिस्किटांचा रोल महाराष्ट्रातल्या किती घरांत झाला असेल याची मोजदाद नाही. मारी हे बिस्कीट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ साली एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलं. शे-सव्वाशे वर्षांनी इकडे त्याचं काय होणार होतं, हे तिथल्या भटारखान्याच्या स्वप्नातही नसेल. बिस्किटं मिक्सरमधून काढायची, कोको आणि पिठीसाखर घालून दुधात घट्ट मळायची, तूप लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर लाटायची. त्यावर लोणी, साखर आणि सुक्या खोबऱ्याच्या किसाचा पांढरा थर. मग कागदाच्या आधाराने घट्ट वळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. भट्टी नाही, अंडं नाही. अळूवडीचा उंडा आणि सुरळीची वडी वळणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. कापल्यावर दिसणारी काळी-पांढरी वर्तुळं तर झाडाच्या वर्षवलयांची हुबेहूब नक्कल! फ्रेंच हलवायाला जी गोष्ट कसब लावून साधावी लागली, ती इथे नकळत साधली. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद पडल्या तेव्हा बिस्किटांचा हा उपयोग पुन्हा वर आला, यावेळी इनो घालून कुकरात फुगवलेल्या केकच्या रूपाने.

सजावटीचं मात्र उधार काही आणावं लागलं नाही. मराठी लग्नातलं रुखवत आठवावं. खोबऱ्याच्या वाट्यांवरची नक्षी, रंगवलेल्या सुपाऱ्यांची सप्तपदी, शंकरपाळ्यांची विहीर, बिस्किटांचा बंगला आणि त्याला गोळ्यांचं कुंपण. खायच्या पदार्थातून न खायची वस्तू उभी करण्याचा हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. (आता रुखवत तयार विकत मिळतं, आणि ते बघायला कुणी फार वेळ थांबतही नाही.) संक्रांतीचे हलव्याचे दागिने हे तर साखरेचं सर्वांत अवघड काम: मंद आचेवर परातीत खसखस किंवा साबुदाणा, त्यावर पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं, काटा फुटेपर्यंत. नाताळनंतर वीसच दिवसांत संक्रांत. ज्या घरात हलवा करणारे हात आहेत, तिथे केकवरच्या चार रेघांना कोण भिणार?

म्हणून टेंभुर्णीकडच्या ओंडक्याचं सामान वाण्याच्या दुकानात आणि बांधावर मिळतं. बर्फ म्हणून पिठीसाखर किंवा डेसिकेटेड खोबरं. साखर तर आजूबाजूच्या कारखान्यांचीच. शेवाळ म्हणून पिस्त्याचा भरड चुरा. सालीचे ढलपे हवेत तर चॉकलेटच्या वडीवरून बटाट्याची सोलणी ओढायची. अळिंबीची टोपी म्हणून अर्धा पेढा, देठाला काजू. मूळ केकवर होली नावाच्या काटेरी झुडपाची लाल फळं लावतात, ती इथे कुठून येणार? पण सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि भगव्या डाळिंबाचा दाणा त्या फळापेक्षा लालबुंद असतो, शिवाय खाता येतो. टुटीफ्रुटी लावणारेही आहेत. कच्च्या पपईचे ते रंगवलेले तुकडे दुरून चालून जातात, जवळून नाही.

क्रम तेवढा सांभाळावा लागतो. रोल तडकला असेल तर जाड थर नेमका तिथेच द्यायचा, नाहीतर फांदी त्या चिरेवर बसवायची. रेघा थर गोठण्याआधी, चॉकलेटचे ढलपे गोठल्यावर. पिठीसाखर सगळ्यात शेवटी, पाहुणे दारात आल्यावर, कारण ओलसर क्रीमवर ती पाच-दहा मिनिटांत विरघळून दिसेनाशी होते. आणि डाळिंबाचे दाणे फडक्यावर पसरून कोरडे करून मगच लावायचे. ओले लावले तर बर्फावर गुलाबी ओघळ येतात आणि नाताळच्या केकला रंगपंचमीची कळा येते.