टिंकरबेल (होडी)

टिंकरबेल ही साडेतेरा फूट (सुमारे ४.१ मीटर) लांबीची लाकडी शिडाची होडी आहे. अमेरिकी पत्रकार रॉबर्ट मॅन्री यांनी १९६५ मध्ये या होडीतून एकट्याने उत्तर अटलांटिक महासागर पार केला. १ जून रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॅल्मथ येथून निघून ते १७ ऑगस्ट रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील फॅल्मथ या त्याच नावाच्या बंदरात पोहोचले. सुमारे ३,२०० मैलांच्या या प्रवासास ७८ दिवस लागले. कोठेही न थांबता अटलांटिक पार करणारी ती त्या काळातील सर्वांत लहान होडी ठरली.

रॉबर्ट मॅन्री

मॅन्री यांचा जन्म १९१८ मध्ये मसुरीजवळील लंढौर येथे एका अमेरिकी मिशनरी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण भारतात गेले. पुढे ते ओहायो राज्यातील ‘क्लीव्हलँड प्लेन डीलर’ या दैनिकात उपसंपादक म्हणून काम करू लागले. व्यावसायिक खलाशी म्हणून काम केल्याचा त्यांना अनुभव नव्हता. होडी चालवण्याचा सराव त्यांनी प्रामुख्याने ईरी सरोवरात केला.

होडी व तयारी

मॅन्री यांनी १९५८ मध्ये ही जुनी होडी विकत घेतली. मुळात ती वरून उघडी होती. त्यांनी स्वतः तिची दुरुस्ती करून तीवर लहानशी खोली बांधली. पाणी भरले तरी होडी बुडू नये यासाठी आतील मोकळ्या जागांत हलका कृत्रिम फेस भरला. कलंडलेली होडी पुन्हा सरळ व्हावी म्हणून तळाशी पाण्यात उतरणारे जड पाते बसवले.

आरंभी एका मित्रासमवेत अधिक मोठ्या होडीतून जाण्याचा बेत होता. मित्राने माघार घेतल्यावर मॅन्री यांनी टिंकरबेलमधून एकट्याने जाण्याचे ठरवले. कार्यालयातील सहकाऱ्यांना त्यांनी हा बदल आधी कळवला नाही. पत्नी व्हर्जिनिया यांना मात्र तो ठाऊक होता व त्यांचा पाठिंबा होता.

प्रवास

या प्रवासातील मुख्य अडचण झोपेची होती. जहाजांच्या वर्दळीच्या मार्गावर लहान होडी इतरांना सहज दिसत नाही. त्यामुळे मॅन्री यांना दीर्घकाळ जागे राहावे लागे. जागरण व जागे राहण्यासाठी घेतलेल्या गोळ्या यांमुळे त्यांना भास होऊ लागले. होडीवर आपल्याखेरीज इतर माणसे आहेत, असे त्यांना काही वेळा वाटे.

लाटांच्या तडाख्याने ते अनेकदा समुद्रात फेकले गेले. कमरेला बांधलेल्या व होडीशी जोडलेल्या दोरामुळेच ते प्रत्येक वेळी परत येऊ शकले. एकट्या खलाशाबाबत होडी तरंगत राहणे पुरेसे नसते. शिडावर वारा घेऊन पुढे जाणाऱ्या होडीला पोहून गाठणे जवळपास अशक्य असते. सुकाणू मोडल्यावर त्यांनी समुद्रातच त्याची दुरुस्ती केली. सूर्याची उंची सेक्स्टंट या यंत्राने मोजून ते आपले स्थान ठरवीत. वाटेत भेटलेल्या जहाजांकडून त्यांची खबर किनाऱ्यावर पोहोचत असे.

आगमन व नंतरचा काळ

कॉर्नवॉलमध्ये पत्नी व दोन्ही मुले त्यांची वाट पाहत होती. स्वागतासाठी हजारो लोक व शेकडो होड्या जमल्या होत्या. १९६६ मध्ये त्यांचे ‘टिंकरबेल’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. व्हर्जिनिया यांचे १९६९ मध्ये मोटार अपघातात, तर मॅन्री यांचे १९७१ मध्ये हृदयविकाराने निधन झाले. टिंकरबेल क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात जतन केलेली आहे.

इतिहासातील स्थान

अटलांटिक एकट्याने पार केल्याची पहिली नोंद आल्फ्रेड जॉन्सन यांच्या नावावर आहे. त्यांनी १८७६ मध्ये सुमारे २० फुटी ‘सेंटेनियल’मधून हा प्रवास केला. मॅन्री यांचा विक्रम अल्पकाळ टिकला. ह्यूगो व्हिलेन यांनी १९६८ मध्ये सुमारे सहा फुटी, तर १९९३ मध्ये पाच फूट चार इंच लांबीच्या होडीतून अटलांटिक पार केला. व्हिलेन यांच्या होड्या या प्रवासासाठीच बांधलेल्या होत्या. टिंकरबेल मात्र मूळची सहलीची होडी होती.