१५० डॉलरचा दंड

४ सप्टेंबर १९७६. अमेरिकेतील मेन राज्याच्या केनेबंकपोर्ट या किनारी गावात पोलिसांनी एक मोटार अडवली. मद्यधुंद अवस्थेत ती चालवणारा ३० वर्षांचा तरुण होता जॉर्ज डब्ल्यू. बुश. त्याने गुन्हा कबूल केला, १५० डॉलर दंड भरला. मेनमध्ये गाडी चालवण्यास त्याला काही काळ मनाई झाली. शिक्षा एवढीच.

१९८६ मध्ये बुश यांनी दारू कायमची सोडली. नोंद मात्र दप्तरी राहिली.

१९९६ मध्ये ते टेक्ससचे गव्हर्नर असताना त्यांना ऑस्टिनच्या न्यायालयात ज्यूरीसाठी बोलावणे आले. खटला कशाचा? मद्यपान करून गाडी चालवल्याचाच! पूर्वी आपल्यावर कधी आरोप झाला होता का, हा प्रश्नावलीतील रकाना कोराच होता. आरोपीचा माफीचा अर्ज उद्या गव्हर्नरांकडेच येऊ शकतो, असा युक्तिवाद त्यांच्या वकिलांनी केला आणि बुश मोकळे झाले. युक्तिवाद चतुर खरा. पण सत्य सांगण्याची सर्वांत स्वस्त संधी, माझ्या मते, त्याच दिवशी हुकली.

२ नोव्हेंबर २०००. अध्यक्षपदाच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना मेनमधील एका वाहिनीने ती नोंद उघड केली. मुलींसमोर वाईट उदाहरण नको म्हणून गप्प राहिलो, असे बुश यांनी सांगितले. ते जिंकले, पण देशभरातील एकूण मतांत अल गोर यांच्याहून ५ लाखांहून अधिक मतांनी मागे राहून. निर्णायक फ्लोरिडातील आघाडी अवघी ५३७. बातमीने किती मते फिरवली, यावर आजही वाद घालता येतो. स्वतः बुश यांनी मात्र २०१० च्या आत्मकथनात लिहिले, की हे आपणहून न सांगणे ही कदाचित आपली सर्वांत महागात पडलेली राजकीय चूक होती.