'यू यू' ते 'ये': एका हाकेचा इतिहास

मंडळी, आपल्या मराठीत कुत्र्याशी बोलायचे मुख्य शब्द तीनच. बोलवायचं असेल तर 'यू यू', हाकलायचं असेल तर 'हाड', आणि कुणाच्या अंगावर सोडायचं असेल तर 'छू'. गावाकडे एवढ्यावर भागतं. 'यू यू' ऐकून कुत्रा आला तर त्याला भाकरीचा तुकडा मिळतो, आणि नाही आला तरी कुणाचं काही अडत नाही. इथे अमेरिकेत मुलांच्या हट्टापायी घरात पिल्लू आलं की मात्र अडतं. घरासमोरून गाड्या भरधाव जात असतात. अशा ठिकाणी कुत्र्याचा जीव कधीकधी एका हाकेवर अवलंबून असतो. आमच्याकडे मोती आला तेव्हा त्याला ही हाक शिकवता शिकवता मी तिचा इतिहासही वाचत गेले. तो वाचकांना सांगावासा वाटला.

आपल्या महाभारताच्या सुरुवातीलाच एक कुत्रा भेटतो. जनमेजयाचा यज्ञ चालू असताना सरमेचं पिल्लू तिथे येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलेलंही नसतं. सरमा येऊन जाब विचारते, "माझ्या मुलाचा अपराध काय?" कुणाकडेच उत्तर नसतं, आणि मग ती शाप देते. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

तिकडे ग्रीसमध्ये झेनोफोनच्या नावावर शिकारीवरचा एक ग्रंथ आहे, सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा. त्यात तो सांगतो की कुत्र्यांची नावं आखूड ठेवा, म्हणजे हाक मारणं सोपं जातं. नमुन्यादाखल जवळजवळ पन्नास नावंही देतो. ('मोती' त्याला नक्की पसंत पडलं असतं!) इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियनने त्यात भर घातली. कुत्र्याला कुरवाळा, नाव घेऊन शाबासकी द्या, कारण कौतुक त्यालाही आवडतं, असं तो लिहितो.

हा शहाणपणा पुढे बराच मागे पडला. 1910 साली जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक आलं. त्यांचा अनुभव पोलीस खात्यातल्या कुत्र्यांचा. त्यांच्या पद्धतीत शाबासकी होती, पण गळ्यातल्या पट्ट्याला हिसका आणि छडीही होती. अमेरिकेत 1933 साली हेलेन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. 1936 पासून अमेरिकन केनेल क्लबने अशा स्पर्धा अधिकृत केल्या. हाकेसरशी मालकाकडे येणं ही त्यातली एक ठरलेली परीक्षा. शिकवायची रीत मात्र पुढेही बरीच वर्षं हिसक्याचीच राहिली.

बदल आला तो प्रयोगशाळेतून. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत ठेवून पाहिलं, की ज्या कृतीचं फळ गोड ती कृती पुन्हा होते. बी. एफ. स्किनर यांनी 1938 च्या ग्रंथात हा विचार पुढे नेला. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने 1940 च्या दशकात त्यावर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच उभारला. 1963 मध्ये हवाईत कॅरेन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो ना हिसका देता येतो. तो मनात आलं तर पोहत निघून जातो. म्हणून शिट्टी आणि मासा एवढंच साधन उरलं. 1984 च्या त्यांच्या पुस्तकाने हीच रीत घराघरातल्या कुत्र्यांपर्यंत पोचवली.

आम्ही मोतीला असंच शिकवलं. आधी घरातल्या घरात चार पावलांवरून "मोती, ये!" अशी एकदाच हाक, आला की चीजचा तुकडा. मग बॅकयार्डमध्ये लांब दोरी बांधून, मग पार्कमध्ये. आंघोळीला किंवा औषधाला त्याला कधीही हाक मारायची नाही, आपण उठून जाऊन आणायचं. कधी बक्षीस देऊन पुन्हा खेळायला सोडायचं, म्हणजे हाक आली की मजा संपली असं त्याला वाटत नाही. गंमत म्हणजे भारतातून आलेल्या सासूबाई नुसतं "यू यू" म्हणायच्या आणि हा धावत जायचा. त्यांच्या हातात तूप लावलेली पोळी असायची ना! थॉर्नडाइकसाहेब न वाचताच त्यांना सगळं ठाऊक होतं.

एका दिवाळीत फराळाला मंडळी येत होती. चपला काढण्याच्या गडबडीत दार उघडं राहिलं आणि एका सशामागे मोती सुसाट रस्त्याकडे निघाला. डावीकडून गाडी येत होती. मी एकदाच ओरडले, "मोती, ये!" तो फुटपाथच्या कडेला वळला आणि धापा टाकत माझ्या पायाशी आला. माझे हातपाय कापत होते. खरं सांगते, धपाटा घालायला हात वर आला होता. पण या क्षणी त्याने केलं होतं ते एकच, माझं ऐकलं होतं. सरमेने विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? मी त्याला जवळ घेतलं आणि ताटातली एक शंकरपाळी दिली.

पळून गेलेलं पिल्लू परत आलं की आपण दारातच रागावतो, आणि पळाल्याची शिक्षा परत येण्याला मिळते. पुढच्या वेळी ते लांबूनच बघत उभं राहतं. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा पिल्लू आलं आहे त्यांनी उद्यापासूनच स्वयंपाकघरात सुरुवात करावी: नाव आखूड, हाक एकदाच, आणि आल्यावर हातात काहीतरी चांगलं. चीज नसेल तर तूप-पोळीही चालते.