गजनी, गोंदण आणि आमची आजी

विसराळूपणा ही आमच्या घराण्याची इस्टेट. बाकीच्या वाटण्यांत भांडणं झाली, ही मात्र सर्वांना सारखी मिळाली. त्यामुळे २००८ च्या नाताळात 'गजनी' प्रदर्शित झाला आणि मी तो नंदुरबारच्या थेटरात पाहिला, तेव्हा त्यातला आमिर खान मला आमच्याच भाऊबंदांपैकी वाटला. दर पंधरा मिनिटांनी सगळं विसरतो बिचारा! प्रेयसीच्या खुनाचा सूड तेवढा विसरू नये म्हणून त्याने अंगभर गोंदून घेतलेलं. अंगाची पार वही. आणि एवढं करून सिनेमाला नाव कोणाचं? खलनायकाचं!

या गोष्टीची कुळकथा मोठी आहे. मुरुगदास यांनी ती आधी, २००५ साली, सूर्याला घेऊन तमिळमध्ये काढली होती. त्याहीआधी, २००० साली, क्रिस्टोफर नोलन यांचा 'मेमेंटो' येऊन गेला होता, तो त्यांच्या भावाच्या कथेवरून. दोन सख्ख्या भावांनी मिळून काही केलं, याचंच मला जास्त नवल.

पण खराखुरा विसरणारा माणूस अमेरिकेत होता. त्याचं नाव हेन्री मोलेसन. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा थोडा थोडा भाग काढला. फेफरं कमी झालं, पण नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या संशोधक बाई त्याच्याकडे वर्षानुवर्षं जात. दर वेळी ओळख नव्याने. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी कधी केलंय, हे त्याच्या गावीही नसे. डोकं विसरलं, हात विसरला नाही. 'गजनी' येण्याच्या तेवीस दिवस आधी, २ डिसेंबरला, तो वारला. सूडबीड काही नाही; स्वभावाने गरीब गाय.

त्याच सुमारास आमची आजीही विसरू लागली होती. मला विचारायची, "कोणाचा रे तू?" पण पुढ्यात मिरच्या ओतल्या, की देठ खुडणारे हात थांबत नसत.

शहाद्याच्या धाकट्या जावेशी तिचं तीस वर्षांचं वैर. कारण, वाटणीतला पितळी हंडा. एके दिवशी धाकटी आजी जय्यत तयारीने आमच्या दारात उभी राहिली. घरातले सगळे श्वास रोखून बसले. आजीने मान वर केली आणि म्हणाली, "ये वं माय, बठ."

झालं! तीस वर्षं घोकलेली उत्तरं वाया गेली. धाकटी आजी मटकन बसली आणि रडूच लागली. मग तिने बांगड्या वर सारून आपलं मनगट आजीच्या मनगटाशेजारी धरलं. दोन्ही हातांवर एकच वेल. नव्या नवऱ्या असताना दोघींनी सारंगखेड्याला, तापीकाठच्या दत्ताच्या जत्रेत, ती जोडीने गोंदवून घेतली होती. आजी वेलीवरून बोट फिरवत हसली. कोण आलंय, हे तिला उमगलं की नाही, देव जाणे. बोट मात्र शेवटच्या पानापर्यंत बरोबर गेलं.

आता दोघीही नाहीत. हंडा अजून आमच्याच घरी आहे. तो शहाद्याला पोचवायचा, हे दर दिवाळीला घासताना मला आठवतं, आणि मग मी विसरतो.